स्वस्त फिलर की महाग फिलर: पैसे नक्की कशाचे आणि धोका नक्की कुठे

ओठ जरा भरलेले दिसावेत, डोळ्यांखालचे खड्डे भरून यावेत, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी ती रेघ थोडी पुसट व्हावी म्हणून चेहऱ्यात इंजेक्शनने जेल भरतात, त्याला डर्मल फिलर म्हणतात, एवढं रील्स बघणाऱ्या सगळ्यांनाच आता माहीत झालंय. गोंधळ सुरू होतो तो रेट कळल्यावर. एका ठिकाणी एका सिरिंजचे जेवढे सांगतात त्याच्या निम्म्यात दुसरीकडे काम होतं, तिसरीकडे त्याहूनही कमी, आणि तिन्हीकडे छातीठोकपणे सांगतात की आतलं मटेरियल सगळ्यांचं सेमच असतं. मग माणूस विचार करत बसतो की महागवाला लुटतोय की स्वस्तवाला फसवतोय. खरं सांगायचं तर दोन्ही प्रकार चालतात, पण माझं मत असं की ब्रँडवर डोकं खपवणारे बरेच जण त्याहून मोठे दोन प्रश्न विचारायचेच विसरतात: हे जेल नको झालं तर काढता येतं का, आणि सुई कोणाच्या हातात आहे. हळूहळू त्याकडे येऊ, आधी जेल काय आहे ते बघू.

सिरिंजच्या आत असतं तरी काय

बाजारातले बहुतेक फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचे असतात. नावात ॲसिड असलं तरी भाजणारं-जाळणारं काही नाही त्यात, ही साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी आहे आणि ती आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत आधीपासून असतेच. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर या दोघांनी ती गाईच्या डोळ्यातल्या पातळ गरातून वेगळी काढली. साधारण ७० किलोच्या माणसाच्या अंगात ती १५ ग्रॅमच्या आसपास असते आणि त्यातला जवळपास एक तृतीयांश भाग शरीर रोज मोडून नवीन बनवत असतं. हल्ली फिलरसाठी ती प्राण्यांपासून काढत नाहीत, स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या बॅक्टेरियाकडून टाक्यांमध्ये बनवून घेतात. जगात हा कच्चा माल बनवणारे मोठे कारखाने मोजकेच आहेत आणि त्यात सगळ्यात मोठी चीनची ब्लूमेज कंपनी.

म्हणजे "आत सेमच असतं" हे अर्धं खरं आहे. रेणू सेमच असतो, पण त्याचं पुढे काय करतात त्यात सगळा फरक पडतो.

सुटा दोरा आणि विणलेलं जाळं

नुसतं हायल्युरॉनिक ॲसिड टोचलं तर शरीर ते एक-दोन दिवसांत पचवून टाकतं. सुट्या दोऱ्यांचा गुंता हातात धरल्यासारखं आहे ते, आकार काही टिकत नाही, पण त्याच दोऱ्यांना जागोजागी गाठी मारून जाळं केलं की ते दाबलं तरी परत उभं राहतं आणि लवकर तुटतही नाही. या गाठी मारायच्या प्रक्रियेला क्रॉसलिंकिंग म्हणतात आणि त्यासाठी बहुतेक कंपन्या बीडीडीई नावाचं एकच केमिकल वापरतात.

गाठी किती, दोरे किती लांबीचे, एका मिलिलिटरमध्ये किती दोरा कोंबलाय, यावर जेल कडक होणार की मऊ ते ठरतं. गालाच्या हाडावर किंवा हनुवटीला कडक जेल लागतं कारण तिथे उभार धरून ठेवायचा असतो, ओठांना मऊ लागतं कारण ओठ दिवसभर हलतात. म्हणून एकाच कंपनीचे चार-पाच प्रकार असतात, कुठल्यात मिलिलिटरमागे १५ मिलिग्रॅम, कुठल्यात १७.५, कुठल्यात २०, कुठल्यात २४. आकडा मोठा म्हणजे माल चांगला असं अजिबात नाही, डोळ्यांखालच्या पातळ कातडीत गालाचं कडक जेल घातलं तर कितीही प्रीमियम असलं तरी गाठ दिसणार. आणि जेल फार वर राहिलं तर तिथे निळसर झाक दिसते, त्याला टिंडाल इफेक्ट म्हणतात. तेव्हा "कुठला ब्रँड" याच्या आधी "त्या ब्रँडमधलं कुठलं आणि कुठे" हा प्रश्न येतो.

आता खर्चाची खरी जागा. बीडीडीई स्वतः तापट केमिकल आहे, गाठी मारून झाल्या की उरलेलं धुऊन काढावंच लागतं, आणि तयार जेलमध्ये ते दहा लाख भागांत दोन भागांपेक्षा कमी उरलं पाहिजे असा दंडक आहे. शिवाय बॅक्टेरियाकडून माल घेतलाय म्हटल्यावर त्यांची प्रोटीन्स आणि त्यांच्या भिंतीचे तुकडे तेही काढायचे, कारण शरीराची रोगप्रतिकारशक्ती नेमकी त्यांच्यावर उखडते. मग जेल निर्जंतुक करायचं, तेही उष्णतेने, आणि उष्णतेने दोरे तुटतात, म्हणजे जेल टिकवून निर्जंतुक करणं ही तारेवरची कसरत. या सगळ्यात वेळ जातो, प्रत्येक बॅच तपासावी लागते, आणि जिथे काटकसर करायची कोणाला हौस असेल तिथे ती डोळ्यांना दिसत नाही. दोन सिरिंज शेजारी शेजारी धरल्या तर दोन्हीतलं जेल काचेसारखं स्वच्छ दिसतं. गिऱ्हाईक काय, डॉक्टरलाही नुसतं बघून शुद्धता कळत नाही, त्यासाठी लॅबच लागते.

मग महागात नक्की कशाचे पैसे देतोय

थोडे या शुद्धतेचे, बरेचसे पुराव्याचे, आणि उरलेले सरळसरळ जाहिरातीचे. रेस्टिलेन हा फिलरचा जुना ब्रँड युरोपात १९९६ मध्ये आला, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, त्याला २००३ च्या डिसेंबरात परवानगी दिली, जुवेडर्म या दुसऱ्या ब्रँडला २००६ मध्ये. अमेरिकेत फिलर हे औषध नाही तर मेडिकल डिव्हाइस म्हणून धरलं जातं, पण सगळ्यात कडक वर्गातलं, म्हणजे माणसांवर ट्रायल करून दाखवल्याशिवाय ते बाजारात येऊ शकत नाही आणि कुठल्या जागेसाठी वापरायचं तेही परवानगीत लिहिलेलं असतं. या ट्रायलना भरपूर पैसा लागतो. त्याचा फायदा असा की काही बिघडलं तर हे जेल असं वागतं, ते विरघळवायला साधारण इतकं औषध लागतं, सूज अमुक काळात उतरते, हे डॉक्टरांना पाठ असतं, कारण वीस-पंचवीस वर्षं जगभर तेच वापरलं गेलंय. जुन्या ब्रँडचं खरं भांडवल हा अनुभव आहे असं मला वाटतं, बॉक्सवरची चकाकी नाही.

युरोपातला सीई मार्क, म्हणजे तिथे माल विकायला लागणारा शिक्का, हा वेगळा प्रकार आहे आणि लोकांची इथे फार गल्लत होते. तो सरकारी खातं देत नाही, सरकारने नेमलेल्या तपासणी संस्था देतात, आणि पूर्वी फिलरच्या बाबतीत तो बराच हलक्या पुराव्यावर मिळायचा. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने ब्रेस्ट इम्प्लांटमध्ये औद्योगिक वापराचं सिलिकॉन भरलं होतं ते २०१० मध्ये उघडकीला आलं, तेव्हा त्या इम्प्लांटवर सीई मार्क होताच. त्यानंतर इंग्लंडमध्ये ब्रूस कीओ यांच्या समितीचा २०१३ चा रिपोर्ट आला, त्यात म्हटलंय की बिनशस्त्रक्रियेची कॉस्मेटिक ट्रीटमेंट घेणाऱ्याला बॉलपेन किंवा टूथब्रश विकत घेणाऱ्यापेक्षा जास्त संरक्षण नाही. युरोपचे नवे कडक नियम २०२१ च्या मे महिन्यात लागू झाले. म्हणून कोणी नुसतं "सीई आहे ना" म्हणून गप्प करायला बघत असेल तर गप्प व्हायचं कारण नाही.

स्वस्तातला प्रत्येक माल एका तराजूत तोलू नका

एक प्रकार म्हणजे परवानगी असलेला, नामांकित कंपनीचा, पण कमी किमतीचा माल. दक्षिण कोरियात फिलर बनवणाऱ्या कंपन्यांची जबरदस्त चुरस आहे, त्यामुळे किंमत खाली आली, माल खराब म्हणून नाही. यातल्या बऱ्याच ब्रँडनी रीतसर ट्रायल केल्यात, त्या कशा करतात ते गमतीशीर आहे: एकाच माणसाच्या चेहऱ्याच्या एका बाजूला रेस्टिलेन आणि दुसऱ्या बाजूला नवीन जेल, कुठल्या बाजूला काय ते माणसालाही माहीत नसतं आणि नंतर सुरकुती मोजणाऱ्यालाही, आणि सहा महिन्यांनी बघायचं. अशा बऱ्याच अभ्यासांत नवीन जेल जुन्याच्या तोडीस तोड निघालंय. तेव्हा कोरियन म्हणजे डुप्लिकेट असं जे काही जण डोळे मिटून बोलतात ते चूकच.

दुसरा प्रकार म्हणजे माल चांगला पण हिशोबात गडबड. एक सिरिंज दोघांत वाटायची, उरलेली ठेवून पुढच्या खेपेला वापरायची, किंवा अर्ध्या मिलिलिटरची सिरिंज एक मिलिलिटरच्या भावाशी तुलना करून स्वस्त म्हणून दाखवायची. यातली शेवटची नुसती चलाखी आहे पण पहिल्या दोन सरळ धोका आहेत, फिलरची सिरिंज एका माणसासाठी आणि एकाच वेळेसाठी असते, एकदा सुई कातडीत गेली की ती निर्जंतुक राहत नाही, मग फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर तिजोरीत.

आणि तिसरा प्रकार म्हणजे नकली किंवा कुठून आला त्याचा पत्ता नसलेला माल. ऑनलाइन कोणालाही मिळतो, बॉक्स हुबेहूब, लोगो हुबेहूब, आत काय आहे ते देवच जाणे. हायल्युरॉनिक ॲसिड असेल, नसेल, गाठी मारून उरलेलं केमिकल तसंच राहिलं असेल, किंवा आत चक्क सिलिकॉन असेल. धोक्याच्या बाबतीत पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण रेटकार्डावर दोघंही "बजेट" याच एका रकान्यात येतात. माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ तिथेच आहे.

"पण मैत्रिणीने स्वस्तातलं केलं, तिचं तर मस्त दिसतंय"

दिसणारच. पहिल्या काही आठवड्यांत कुठलंही जेल भरलं की भरलेलं दिसतं, त्यात सुजेचाही हातभार असतो. चांगल्या-वाईटाचा फरक पुढे पडतो, जेल जागेवर राहिलं का, सारखं विरलं का, सहा-आठ महिन्यांनी गाठ आली का. आणि एका मैत्रिणीवरून काहीच ठरत नाही कारण मोठे त्रास मुळातच कमी जणांना होतात, म्हणजे धोकादायक माल वापरूनही बहुतेक जण सुखरूप सुटतात आणि तेच पुढे दहा जणींना पत्ता देतात.

टिकण्याबद्दलही एक गैरसमज आहे. पॅकेटवर सहा महिने, वर्ष, दीड वर्ष असं सांगतात, पण एमआरआय काढून बघितलं तर दोन-दोन वर्षांनी आणि काहींत त्याहूनही पुढे जेल आत दिसलंय. बाहेरून परिणाम ओसरला म्हणून दर सहा महिन्यांनी "टच-अप" करत राहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर थरावर थर चढत जातात, आणि मग तो फुगलेला, सगळ्यांचा सारखाच दिसणारा चेहरा तयार होतो. हे महागड्या ब्रँडनेही होतं, उलट सवलतीच्या पॅकेजमुळे जास्त होतं, कारण घेतलंय तर वापरून टाकू असं होतं माणसाचं.

ज्या धोक्याला ब्रँड कळत नाही

सगळ्यात गंभीर त्रास म्हणजे जेल रक्तवाहिनीत जाणं किंवा बाहेरून तिला दाबून टाकणं. याला व्हॅस्क्युलर ऑक्लुजन म्हणतात, मी पुढे "नस बंद होणं" म्हणतो. तिथून पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, कातडी मरायला लागते. आणि चेहऱ्यावरच्या काही धमन्या, नाकाच्या बाजूच्या, भुवयांच्या मधल्या, कपाळावरच्या, आतून डोळ्याच्या धमनीला जोडलेल्या असतात. सुईचं टोक अशा धमनीत असताना जोराने दट्ट्या दाबला तर जेल रक्ताच्या उलट्या दिशेने डोळ्याच्या धमनीपर्यंत ढकललं जातं, आणि दाब सोडल्यावर रक्ताच्या प्रवाहाबरोबर पुढे जाऊन डोळ्याच्या पडद्याची धमनी बंद करतं. नजर काही सेकंदांत जाऊ शकते.

२०१५ साली जगभरच्या वैद्यकीय नोंदी चाळून एक आढावा आला होता, त्यात फिलरमुळे नजर गेल्याच्या किंवा कमी झाल्याच्या ९८ केसेस सापडल्या. सगळ्यात जास्त भुवयांच्या मधल्या जागेत टोचल्यावर झालेल्या, त्याखालोखाल नाकावर. आणि यातल्या जवळपास निम्म्या केसेसमध्ये बाहेरचं कुठलंच जेल नव्हतं, माणसाच्या स्वतःच्याच अंगातली चरबी काढून चेहऱ्यात भरली होती. हायल्युरॉनिक ॲसिडचा वाटा साधारण पाव. म्हणजे "नॅचरल आहे, आपल्याच शरीरातलं आहे" या वाक्याचा इथे काडीचा उपयोग नाही. धमनीत काय शिरलं यापेक्षा काहीतरी शिरलं हेच घातक.

किती वेळा होतं हे? २०२१ साली जामा डर्मेटॉलॉजी या जर्नलमध्ये ३७० त्वचारोगतज्ज्ञांचा हिशोब छापून आला, त्यांनी मिळून सुमारे १७ लाख सिरिंज टोचल्या होत्या. टोकदार सुईने टोचलं तर ६,४१० सिरिंजमागे एकदा नस बंद झाली, आणि कॅन्युलाने, म्हणजे बोथट टोकाच्या लवचिक नळीने, ४०,८८२ मागे एकदा. पाच वर्षांहून जास्त अनुभव असलेल्यांच्या हातून हे प्रमाण बरंच कमी होतं, आणि ज्यांना झालं त्यातल्या बहुतेकांना कायमची इजा झाली नाही कारण समोरच्याला लगेच कळलं आणि उपाय माहीत होता. हे सगळे शिकलेले स्पेशालिस्ट होते हे विसरू नका. चार दिवसांचा कोर्स करून ब्युटी पार्लरमध्ये टोचणाऱ्यांचा असा हिशोब कोणी ठेवतच नाही.

या आकड्यांमुळेच माझं मत बनलंय की ब्रँडवर वाचवलेले पैसे एक वेळ चालतील, हातावर वाचवलेले नाहीत.

नस बंद झाली ते ओळखायचं कसं

टोचताना किंवा लगेच नंतर कातडी एकदम पांढरीफटक पडते, तेही सुईच्या जागेपुरती नाही तर धमनीच्या वाटेवर दूरपर्यंत. वरच्या ओठाला टोचलं आणि नाकाच्या टोकाजवळ पांढरं झालं असंही होतं. मग काही वेळाने तिथे जांभळट जाळीची नक्षी उमटते. बोटाने दाबून सोडलं तर निरोगी कातडीत रंग पटकन परत येतो, इथे येत नाही, तीन-चार सेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. दुखणं बहुतेक वेळा नेहमीपेक्षा फार जास्त असतं, पण फिलरमध्ये बधीर करणारं लिडोकेन मिसळलेलं असेल तर सुरुवातीला दुखणं जाणवतही नाही, म्हणून दुखत नाही म्हणजे ठीक आहे असं धरून घरी जाऊन झोपू नये. नुसता काळा-निळा डाग मात्र बऱ्याच जणांना पडतो, तो रक्त साकळल्याचा असतो आणि आपोआप जातो. फरक कळत नसेल तर फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसण्यात अर्थ नाही, सरळ जाऊन दाखवायचं. नजर धूसर झाली, दोन-दोन दिसायला लागलं, पापणी पडली तर हॉस्पिटलच गाठायचं, त्याच मिनिटाला.

गाठी उशिरा येतात तेव्हा

हा त्रास मात्र मालाच्या शुद्धतेशी जास्त जोडलेला आहे. इंजेक्शननंतर आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षाहून जास्त काळाने जेलच्या जागी कडक, लाल, दुखरी गाठ येते. कारणं दोन-तीन असतात. एकतर टोचताना कातडीवरचे जंतू आत गेले आणि जेलवर चिकट थर करून दबा धरून बसले, याला बायोफिल्म म्हणतात. नाहीतर रोगप्रतिकारशक्तीने त्या जेलला परकं ठरवून भोवती पेशींची तटबंदी उभी केली, तो ग्रॅन्युलोमा. फ्लू किंवा दाताचं इन्फेक्शन झालं की इतके दिवस शांत असलेलं जेल अचानक सुजतं, असंही होतं. २०२० च्या डिसेंबरात मॉडर्नाच्या कोविड लशीच्या ट्रायलमध्ये आधी फिलर घेतलेल्या तिघांच्या चेहऱ्याला किंवा ओठाला सूज आली तेव्हा याची भरपूर चर्चा झाली होती, सूज नंतर उतरली.

अशुद्ध मालात बॅक्टेरियाची प्रोटीन्स जास्त, म्हणून गाठींची शक्यता जास्त, हे तर्काला धरून आहे. पण प्रीमियमवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये, नामांकित कंपन्यांच्या नव्या तंत्राने बनवलेल्या, लहान आणि लांब साखळ्या मिसळून केलेल्या जेलमध्येही अशा उशिराच्या गाठी आल्याचं छापून आलेलं आहे. फरक असा की तिथे गाठ कशामुळे आली आणि काय केल्यावर गेली याची नोंद सापडते. बिननावाच्या मालात डॉक्टरला आत काय आहे तेच माहीत नसतं, मग उपचार अंदाजाने.

"मग कायमचंच घेतो, दरवेळचा खर्च तरी वाचेल"

हे ऐकलं की मला धडकीच भरते. कायमच्या मालाचा इतिहास वाईट आहे. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी या सर्जननी पॅराफिन टोचायला सुरुवात केली, काही वर्षं त्याची जोरात फॅशन चालली, आणि मग ते पॅराफिन सरकायला लागलं, गाठी झाल्या, जखमा झाल्या. पुढे द्रवरूप सिलिकॉन आलं, त्याचंही तेच. चीनमध्ये पॉलिॲक्रिलामाइडचं जेल लोकांनी, विशेषतः बायकांनी छातीत भरून घेतलं आणि शेवटी २००६ मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली. एफडीएने २०१७ मध्ये पुन्हा बजावलं की शरीराचा आकार वाढवायला सिलिकॉन टोचून घेऊ नका, आणि छाती किंवा नितंब वाढवायला कुठल्याच फिलरला त्यांची परवानगी नाही.

यांच्यात आणि हायल्युरॉनिक ॲसिडमध्ये मुख्य फरक असा की हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम त्या दोऱ्यांना कातरीसारखं कापतं, म्हणजे चुकलं तर मागे फिरायची वाट असते. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपटाइटचं रेडिएस किंवा पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडचं स्कल्प्ट्रा हे चांगले, परवानगी असलेले, महागडे माल आहेत, वर्ष-दोन वर्षांत शरीर ते पचवतंही, पण विरघळवायचं औषध त्यांना नाही. पीएमएमए नावाच्या प्लास्टिकचे बारीक मणी तर तसेच आत राहतात, काढायचे तर चाकूने कापूनच. पहिल्यांदा करणाऱ्याने माझ्या मते हायल्युरॉनिक ॲसिडच्या पुढे जाऊच नये, मग स्वस्त की महाग ते बघू.

सुई नको म्हणून पेन घेणाऱ्यांसाठी

हवेच्या दाबाने जेल आत सोडणारी हायल्युरॉन पेन ऑनलाइन मिळतात आणि व्हिडिओ बघून लोक घरी ओठांवर चालवतात. २०२१ च्या ऑक्टोबरात एफडीएने स्पष्ट सांगितलं की असली उपकरणं वापरू नका, त्यातून किती आणि कुठे जाईल यावर ताबा नाही, आणि नजर जाण्यापर्यंत धोके आहेतच. सुई नाही म्हणून सुरक्षित हा हिशोब जमत नाही. इंग्लंडमध्ये त्याच महिन्यापासून १८ वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी फिलर टोचणं गुन्हा ठरलंय, त्यावरून अंदाज करा की प्रकरण किती खालच्या वयापर्यंत पोचलं होतं.

खुर्चीत बसण्याआधी बॉक्स हातात घ्या

लाजायचं नाही, बॉक्स मागायचा. तो तुमच्यासमोर फुटला पाहिजे, आधीच भरून ट्रेमध्ये ठेवलेली सिरिंज नको. चांगल्या ब्रँडच्या बॉक्समध्ये सहसा सोलून काढायचे छोटे स्टिकर असतात, त्यावर नाव, लॉट नंबर आणि एक्स्पायरी असते, एक तुमच्या फाइलला लागतं आणि एक तुम्ही घरी न्यायचं किंवा निदान मोबाइलमध्ये फोटो काढायचा. बॉक्सवरचा लॉट नंबर आणि सिरिंजवरचा लॉट नंबर जुळतो का ते बघायला दहा सेकंद लागतात. बॉक्सवर कुठल्या तापमानात ठेवायचं ते छापलेलं असतं, बऱ्याच हायल्युरॉनिक ॲसिड फिलरला २५ अंशांच्या आत चालतं पण गोठलेलं चालत नाही. वर्षाने गाठ आली तर दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरला त्या एका स्टिकरवरून कळतं की आत काय आहे.

आणि एक प्रश्न नक्की विचारा: "हायल्युरोनिडेज आत्ता इथे आहे का, आणि शेवटचं कधी वापरलं?" समोरचा चिडला किंवा "आमच्याकडे गरजच पडत नाही" म्हणाला तर मी तरी पर्स उचलून बाहेर पडायला सांगेन, रेट कितीही भारी असो. ज्यांनी खूप सिरिंज टोचल्यात त्यांना ते कधी ना कधी लागतंच, वरचे आकडे बघा.

"पण विरघळवता येतं ना, मग एवढी भीती कशाला"

येतं, पण त्यालाही मर्यादा आहेत. नस बंद झाली तर थोड्याशा औषधाने भागत नाही, शेकड्याने युनिट त्या सगळ्या भागात भरून रंग परत येईपर्यंत तासातासाने परत द्यावं लागतं. ज्या जेलमध्ये गाठी जास्त घट्ट आहेत ते विरघळायला जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो, आणि अनोळखी मालाचा हा हिशोब कोणाकडेच नसतो. क्वचित एखाद्याला खुद्द हायल्युरोनिडेजचीच ॲलर्जी निघते. कातडीच्या बाबतीत काही तास हातात असतात म्हणून बहुतेक जण वाचतात, डोळ्याचा पडदा मात्र रक्ताशिवाय मिनिटांच्या हिशोबातच तग धरतो, आणि एकदा पूर्ण नजर गेली की एन्झाइम देऊनही ती परत आल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.